एक पिकोलो जास्त

माझी बहीण मेटा उंदरांची आया होती. थट्टा करत नाही. ऱ्हाइनच्या काठावर ती जी संस्था आहे, जिथे जगभरचे डॉक्टर रक्तातल्या पेशींच्या हात धुऊन मागे लागलेले असतात, तिथल्या उंदीरघरात ती कामाला होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, पिल्लं वेगळी करायची. घरी आली की अंगाला वास यायचा, आणि मी तो तोंडावर सांगायचो. "तुझ्या ट्रामला तरी कुठे अत्तर लावलेलं असतं, नोल्डी?" ती म्हणायची. मी ट्राम चालवायचो. बोलण्यात मेटाला हरवणं आमच्या बापालाही कधी जमलं नाही.

बाप पिकोलो वाजवायचा. एवढीशी बासरी, पण नीट फुंकली तर मागच्या गल्लीतल्या खिडक्या उघडतात. मला शिकवायला बसला आणि आठवड्याभरात त्याने हात टेकले. मग माझ्या गळ्यात ढोल आला. मेटाला कुणी शिकवलं नाही. ती शेगडीजवळ कोळशाच्या पेटीवर बसून मोजे विणायची, आणि मी सुराला अडलो की पुढचा सूर शिट्टीने भरायची. मला संताप यायचा. अजूनही येतो, खरं सांगू?

आमचं सालम मंडळ बाझल शहरातल्या जुन्यांपैकी. फास्नाख्तचे, म्हणजे आमच्या शिमग्याचे, तीन दिवस आम्ही मुखवटे चढवून, रंगवलेल्या भल्यामोठ्या कंदिलामागे ढोल आणि पिकोलो वाजवत गावभर फिरतो, आणि वर्षभरात ज्याच्यावर दात धरलेला असेल त्याची सोंगं काढून टर उडवतो. हे पुरुषांनी करायचं. बायकांनी मुखवट्यांना कागद चिकटवायचे, सोंगं शिवायची, सूप ढवळायचं. बायका मतं देत होत्या, निवडून येत होत्या, ट्रामच्या कचेरीत माझ्या डोक्यावर एक बाईच बसली होती. पण सालम मंडळाच्या ओळीत बाई? छे, छे! नावच काढू नका.

आणि मंडळाचा अध्यक्ष कोण, तर मेटाचाच नवरा, बाल्झ ग्रीडर. छत्र्यांचं दुकान होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता. मेटाशिवाय त्याला स्वतःचे मोजे सापडत नसत, आणि हे तो चारचौघांत कबूल करायचा. पण मंडळाचं नाव निघालं की त्याच्या अंगात यायचं. "नियम म्हणजे नियम!" की विषय संपला. पिकोलो मात्र असा वाजवायचा, की वरचा सूर आला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं व्हायचं. अध्यक्षाला बोलणार कोण? पहिल्या ओळीत उजव्या टोकाला तो उभा राहायचा आणि आम्ही मागे दात-ओठ खात ढोल बडवायचो.

सत्त्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात मेटा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोटसुद्धा काढला नाही.

"नोल्डी, मला ओळीत वाजवायचंय."

"कुठल्या ओळीत? पावाच्या दुकानापुढच्या?"

"चेष्टा पुरे. मंडळाच्या. कंदिलाच्या मागे. एकदाच, सोमवारच्या मिरवणुकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पन्नाशी झाली माझी. आत्ता दम आहे, पुढे राहील न राहील."

"बाल्झ घटस्फोट देईल."

"आणि मोजे कोण शोधणार त्याचे?"

मग तिने कोटाच्या खिशातून बापाचा पिकोलो काढला आणि मंडळाची जुनी कवायती धून वाजवली, जी आम्ही बाहेरच्या कुणाला देत नाही. मी हातातला काटा ताटात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, लपवायचं काय त्यात? मेलेला बाप खोलीत येऊन उभा राहिला होता, आणि तो बापापेक्षा चांगला वाजवत होता.

"पण अगं, ओळखतील तुला," मी म्हणालो. "दरवर्षी सगळ्यांच्या अंगावर एकच सोंग असतं. तेच डोकं, तोच कोट. सोंग सारखं असलं की आतला माणूस चटकन कळतो. फेंगडा चालतो तो श्टोलर, पोट पुढे आलं तो मी. त्यात तू शिरलीस तर पहिल्याच चौकात धरतील."

"म्हणून तर यंदा सोंगं सारखी असून चालायचं नाही," मेटा म्हणाली, आणि माझ्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या तळघरात यंदाच्या सोंगांचा विषय ठरवायची बैठक होती. निम्म्या लोकांना ट्रामचं भाडं वाढलं होतं त्यावर सोंग काढायचं होतं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, माझ्या ट्रामच्या नावाने शिमगा करायचा असेल तर ढोल दुसऱ्याच्या गळ्यात बांधा. मग बोंबाबोंब. श्टोलर म्हणाला, गावातली बाकीची सगळी मंडळंही ट्रामच घेणार आहेत, आपण वेगळं काय करणार? हा श्टोलर आमचा खजिनदार, कंदील रंगवणाराही तोच. धंद्याने घड्याळं दुरुस्त करणारा. त्याच्या डोक्यातसुद्धा काटेच फिरत असावेत.

तेवढ्यात सूप वाढता वाढता मेटा म्हणाली, "आमच्या संस्थेत एक भलतीच गोष्ट सापडलीय."

बैठकीत बाई बोलली म्हणून सगळे इतके दचकले की तिला थांबवायचं कुणाला सुचलंच नाही. ती बोलत गेली. "रोग अंगात शिरला की त्याला धरणारी एक वस्तू रक्तात असते. दर रोगाची वेगळी. रोग तर अगणित. मग इतक्या वस्तूंचे नमुने आईबापाकडून आणायचे कसे? मावणार कुठे? तर म्हणे नमुने येतच नाहीत. नुसते तुकडे येतात. पेशीने या ढिगातला एक उचलायचा, त्या ढिगातला एक, तिसऱ्यातला एक, आणि जोडायचे. मधलं कापून टाकायचं. दर पेशी आपापलं वेगळं कापते. डोळे मिटून."

"डोळे मिटून?" श्टोलरला घाम फुटला.

"वाडवडिलांकडून आलेलं कापून टाकायचं?" बाल्झ म्हणाला. "आणि असलं काम आपल्या बाझलच्या पेशी करतात?"

"सगळ्यांच्याच करतात. झुरिकवाल्यांच्यासुद्धा."

झुरिक म्हणजे आमचं हाडवैरी शहर, त्यामुळे हे ऐकून बरीच खळबळ झाली. शेवटी ठरलं की जाणकाराला बोलवावं. संस्थेतून डॉक्टर होल्म आला. डेन्मार्कचा, ताडमाड उंच, तळघराच्या तुळईवर दोनदा डोकं आपटून घेतलेला. त्याने खानावळीतून सॉसेजची लांबलचक माळ मागवली आणि टेबलावर पसरली.

"ही पहिली काही एका घराण्याची," तो म्हणाला, "ही मधली दुसऱ्या, ही शेवटची तिसऱ्या. आता बघा." त्याने माळ वाकवली, पहिल्यातलं एक सॉसेज मधल्या एकाला टेकवलं, आणि दोघांमध्ये जो फास लोंबत होता तो कात्रीने कचकन कापला. मग तसंच मधल्याचं आणि शेवटच्याचं. टोकांना गाठी मारल्या. हातात तीन सॉसेज उरली, बाकीची टेबलावर.

"आणि ही?" बाल्झने विचारलं.

"ती गेली. त्या पेशीला आता ती जन्मात परत मिळत नाहीत."

"चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. शिवाय जोडताना पेशी भारी गबाळेपणा करते. टोकं कुरतडते, मध्ये वाटेल ते भरते. तीनातल्या दोन जोडण्या फुकटच जातात."

"यांच्यावर साहेब कोण असतो?" श्टोलरने क्षीण आवाजात विचारलं.

"कुणी नाही."

"असल्या कारभारावर आम्ही जिवंत आहोत?" बाल्झ म्हणाला.

"त्या कारभारामुळेच आहात. उद्या कुठला रोग येणार ते आज कुणाला ठाऊक? म्हणून वेडीवाकडी हत्यारं भरमसाट करून ठेवायची. त्यातलं एखादं नेमकं बसतं. आता, काही आपल्याच अंगावर उलटतात. त्यांना आधी पारखून आतल्या आत निकालात काढतात. पण कधीकधी पारख चुकते, आणि अंग आपल्याच माणसाला परका समजून बडवत सुटतं."

"आमच्या मंडळात तो प्रश्न नाही," बाल्झ म्हणाला. "आम्ही आपला माणूस अंधारात ओळखतो." आणि टेबलावरची गेलेली सॉसेज त्याने मोहरी लावून खाल्ली. विषय एकमताने मंजूर झाला.

मग मेटाला रान मोकळं मिळालं. माळ्यावर मंडळाची वर्षानुवर्षांची सोंगं पडून होती. तिने तीन ढीग केले, एक डोक्यांचा, एक धडांचा, एक तंगड्यांचा, आणि कात्री घेऊन बसली. कोट मधोमध चिरले. झगे उभे फाडले. पन्नास सालच्या मिरवणुकीतल्या, सगळ्या गावाने वाखाणलेल्या विदूषकांना तिने कमरेत कापलं, तेव्हा दोन म्हातारे सभासद बाहेर जाऊन उभे राहिले. शिवण मुद्दाम वाकडी घातली, सांध्यात हाताला लागेल ती चिंधी भरली. एका विजारीला तीन पाय झाले, एका कोटात हात घालायला वाटच उरली नाही. ती तिने बाजूला फेकली आणि पुढची घेतली.

श्टोलर डोळ्याला भिंग लावून तपासायला आला. "ग्रीडरबाई, ही शिवण सरळ नाही."

"पेशीचीही नसते, श्टोलरसाहेब."

"इथे भोक आहे."

"विज्ञान आहे ते."

बिचारा पुढे काय बोलणार? मग दिवे मालवून तळघरात सोडत निघाली. एकेकाने अंधारात एक डोकं, एक धड, एक तंगड्यांची जोडी उचलायची आणि गाठोडं बांधून घरी न्यायची, कुणी कुणाला दाखवायची नाही. माझ्या वाट्याला भटारखान्यातल्या स्वयंपाक्याचं डोकं, दुधवालीची चोळी आणि पाणबुड्याच्या तंगड्या आल्या. बाल्झला गाढवाचं डोकं, बिशपचा झगा आणि नाचणारीच्या झालरी. हे मला मेटाने सांगितलं, कारण झालरी त्याच्या कमरेला पुरेनात आणि त्या तिलाच वाढवून द्याव्या लागल्या. स्वतःसाठी तिने घुबडाचं डोकं ठेवलं होतं, खाली आग विझवणाऱ्या बंबवाल्याचा कोट.

फास्नाख्तच्या सोमवारी ती बाल्झला म्हणाली, मला उंदरांचं बघायला जायचंय. "आजच्या दिवशी?" बाल्झ म्हणाला. "उंदरांना सण कळत नाही," ती म्हणाली. त्याला खरोखर वाईट वाटलं. मला म्हणाला, "नोल्डी, ती दरवर्षी फुटपाथवर उभी राहून ऐकते रे. यंदा कुणीच नाही आपलं."

दुपारी आम्ही निघालो. काय ध्यानं होती ती! एकाचं दुसऱ्याशी जुळेना, कुणाचा खांदा कानाजवळ, कुणाचं ढुंगण गुडघ्यापाशी. पुढे श्टोलर आणि त्याची माणसं आमच्या विषयावरच्या टवाळ कवितांची पत्रकं वाटत होती, त्यामागे सॉसेजचा प्रचंड कंदील, मग पिकोलो, मग आम्ही ढोलवाले. घुबड दुसऱ्या ओळीच्या कडेला येऊन गुपचूप उभं राहिलं. पिकोलो सुरू झाले, आणि दोन रस्ते जात नाहीत तोच मंडळाचा आवाज बदलला. मधे कणा यावा तसं झालं. डगमगणारे सरळ वाजवू लागले. लोक घोळक्यांतून पुढे येऊन ऐकू लागले. मुखवट्याच्या आत मी मूर्खासारखा हसत होतो.

पुलाच्या अलीकडे ओळ थांबली. तिथे श्टोलर मागे आला, बोटांनी मोजत. पुन्हा मोजलं. मग आमच्यात मिरवणुकीत जो किनरा आवाज काढून बोलतात, कुणी ओळखू नये म्हणून, त्या आवाजात किंचाळला, "एक पिकोलो जास्त आहे!"

मी घुबडाकडे न बघता ढोलाचा पट्टा सारखा केला.

गाढव उसळून पुढे आलं. "परका!" बाल्झही किनऱ्याच आवाजात. "आपल्यात परका शिरलाय! झुरिकचा असणार! शोधा, हाकला!"

आता शोधायचा कसा? मुखवटा उतरवला की क्षणात कळेल, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. रस्त्यात मुखवटा उतरवून तोंड दाखवणं! त्यापेक्षा विजार उतरवलेली परवडली. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. सगळ्यांना बाजूच्या बोळात घेतलं आणि परीक्षा सुरू झाली. पहिला प्रश्न, मंडळाच्या संस्थापकाचं नाव काय? निम्म्यांना आलं नाही, विचारणाऱ्यालाही येत नव्हतं, म्हणून तो प्रश्न रद्द केला. दुसरा, तळघराची किल्ली कुठे ठेवतो? सगळे एकदम ओरडले, "कुंडीखाली!" ते आमच्याबरोबर बोळाच्या तोंडाशी जमलेल्या अख्ख्या गर्दीनेही ऐकलं.

"जुनी धून," श्टोलर म्हणाला. "एकेकाने एकट्याने वाजवायची. ती परक्याला येणार नाही."

एकेक जण वाजवू लागला. घुबडाची पाळी आली. मेटाने पिकोलो मुखवट्याच्या फटीला लावला, आणि त्या घाणेरड्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांमध्ये, ती धून अशी उभी राहिली की गर्दीतलं रडणारं पोरही गप्प झालं. श्टोलरने घुबडाच्या खांद्यावर थाप मारली. "हा आपला," तो म्हणाला. "शंभर टक्के."

मग गाढवाची पाळी. बाल्झ मघापासून ओरडून घसा सुकवून बसलेला. सुरुवात कशीबशी केली. वरचा सूर आला आणि मांजर पायाखाली आलं. असं केकाटलं की गर्दी हसली.

"हा नाही," श्टोलर म्हणाला.

"काय हा नाही? अरे मी आहे!"

"मी कोण?"

"बाल्झ ग्रीडर! अध्यक्ष!"

"असं कुणीही म्हणेल."

"मूर्खांनो!" बाल्झ इतका पेटला की त्याचे हात गाढवाच्या कानांना गेले. "थांबा, मुखवटाच काढून दाखवतो!"

झालं. बोळात जे 'हाऽऽ' झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळे एक पाऊल मागे सरले. श्टोलर बोट रोखून ओरडला. "ऐकलंत? रस्त्यात तोंड दाखवतो म्हणे! आपला माणूस असं स्वप्नात तरी बोलेल का? हाच तो! झुरिकचा!"

आणि त्यांनी आमच्या अध्यक्षाला बखोटीला धरून, झालरींसकट, फुटपाथवर काढला.

मी का बोललो नाही? बोलायचं काय? हा बाल्झ आहे म्हटलं असतं तर मग जास्तीचा कोण हे निघालं असतं, आणि मेटाची एकुलती एक दुपार त्या बोळातच संपली असती. नाही बोललो तर मेव्हणा बाहेर. घुबडाने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा हात वर जायला लागला, आता ही सगळं सांगून टाकणार, हे मला कळलं. मी ढोल बडवला. ढोल पडला की पाय उचलायचा, हे आमच्या हाडात मुरलंय. एकाने उचलला, दुसऱ्याने उचलला, ओळ हलली. पहिल्या ओळीत उजव्या टोकाला जागा रिकामी झाली होती. कुणीतरी घुबडाला ढकलून तिथे उभं केलं.

मग आम्ही अर्धं गाव वाजवत फिरलो. बाल्झ फुटपाथवरून आमच्याबरोबर. आधी मुठी नाचवत, शिव्या देत. मुखवटा काढला असता तर तिथल्या तिथे सुटला असता, पण रागाच्या भरात बोलणं वेगळं. प्रत्यक्षात काढायला त्याचा हात जाणं शक्य नव्हतं. पोरं त्याच्या झालरी ओढत होती. हळूहळू त्याच्या शिव्या थांबल्या. नंतर तो पहिल्या ओळीच्या बरोबरीने नुसता चालू लागला, गाढवाचं डोकं आमच्याकडे वळवून. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं मंडळ बाहेरून ऐकायला मिळत होतं.

मेटा आणि माझं ठरलं होतं, चर्चच्या कोपऱ्यावर तिने सटकायचं. मधल्या जेवणाला तळघरात सगळे मुखवटे उतरवतात, त्याच्या आधी. जेवण झालं की पुन्हा ओळीत शिरायचं. कोपरा आला. मी मागून फुसफुसलो, "जा आता!"

"तो बाहेर उभा आहे, नोल्डी," ती म्हणाली, आणि सरळ आमच्याबरोबर पायऱ्या उतरली.

आत भाजल्या पिठाचं सूप तयार होतं, कांदा पसरून भाजलेली जाड पोळी, आमची वाये, होती. एकेक मुखवटा खाली आला, लालबुंद, घामेजलेली, ओळखीची तोंडं. श्टोलर खुशीत मोजत होता. मग त्याचं बोट हवेतच राहिलं. सगळे हजर, एक अध्यक्ष सोडून. आणि टोकाला घुबड तसंच बसलेलं.

मेटाने दोन्ही हातांनी घुबड उचलून मांडीवर ठेवलं. केस कपाळाला चिकटलेले, नाकावर मुखवट्याचा वळ.

"ग्रीडरबाई?" श्टोलर पांढराफटक पडला. "मग आम्ही हाकलला तो..."

"माझा नवरा. आधी त्याला आत घ्या. त्याला सर्दी लगेच होते."

चौघे धावले. बाल्झ आला. मुखवटा अजून डोक्यावर. बाकावर बसला, कुणाकडे बघेना. पोरांनी ओढून ओढून झालर एकच उरली होती. श्टोलर माफी मागायला लागला तर त्याने हात वर केला.

"पहिल्या ओळीत," गाढवाच्या आतून आवाज आला, "माझ्या जागेवर कोण वाजवत होतं?"

दोन-चार माना मेटाकडे वळल्या.

"मी," मेटा म्हणाली.

गाढव वळलं. मग बाल्झने ते डोक्यावरून उतरवलं. त्याचं तोंड बघून मला मान खाली घालावी लागली.

"इतक्या वर्षांत," तो म्हणाला, "घरात मी तुझा एक सूर ऐकला नाही, मेटा."

"तू सरावाला गेलास की वाजवायची. जिन्यावर तुझे पाय वाजले की बंद."

बाल्झ मेटाच्या नाकावरचा तो वळ बघत होता. श्टोलरला मात्र स्वस्थ बसवेना. तो खाकरला. "अध्यक्ष, मन घट्ट करून सांगतो, पण मिरवणूक अजून अर्धी बाकी आहे, आणि नियमाप्रमाणे बाईंना आता..."

"मला काय विचारतोस?" बाल्झ म्हणाला. "मी मंडळात आहे का? मला भर बोळात, सगळ्यांच्या साक्षीने काढलंत. रीतसर. मी बाहेरचा माणूस. बाहेरच्याने मंडळाच्या नियमात तोंड घालू नये."

"मग नियम लावायचा कुणी?"

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला, आणि गाढव पुन्हा डोक्यावर चढवलं. पिकोलो त्याने मेटापुढे टेबलावर ठेवला, श्टोलरच्या काखेतला पत्रकांचा गठ्ठा ओढून घेतला आणि पायऱ्या चढून वर गेला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओळ लागली. मेटा पहिल्या ओळीत उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि शेजारचा तिला जागा करून देत सरकला. कंदिलाच्या पुढे गाढव पत्रकं वाटत होतं, इकडे एक, तिकडे एक, चांगलं भराभर. मग वरचा सूर आला. मेटाने तो असा घेतला की माझ्या ढोलाचं कातडं आपोआप थरथरलं. गाढव होतं तिथे थांबलं, एक हात पुढे केलेला, हातात पत्रक. समोरची बाई ते पत्रक ओढत होती आणि तो सोडत नव्हता.